मुलुगूचा धक्का गडचिरोलीपर्यंत आला, मग जमिनीतली ती ऊर्जा गेली कुठं?

प्राणहिता_काठ | ६ डिसेंबर २०२४, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बुधवारी, ४ डिसेंबरला सकाळी ७:२७ वाजता तेलंगणात मुलुगू जिल्ह्यात भूकंप झाला. ५.३ रिश्टर, खोली ४० किलोमीटर. आमच्या अहेरी-सिरोंचा भागात चांगलाच जाणवला. गडचिरोली, चंद्रपूर, पार नागपूरपर्यंत लोक घराबाहेर आले.

मी इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्या दिवशी दुसरा विषय निघालाच नाही. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, ऊर्जा नष्ट होत नाही असं तुम्हीच शिकवलं. मग जमीन हलायची थांबली तेव्हा ती ऊर्जा कुठं गेली?" पुस्तकात भूकंपाचा धडा आहे, लहरींची नावं आहेत, पण या प्रश्नाचं उत्तर नाही. मला तिला थातूरमातूर काही सांगायचं नाही.

दुसरं, गावात सगळे म्हणतात की असे बारके धक्के येऊन गेले की बरं, आतला जोर निघून जातो, मोठा टळतो. हे खरं का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहावं. घाई नाही.

---

मिस्त्री_पुसद | रात्री ९:४०

मास्तर, प्रश्न लय चांगला काढला तुमी. आमच्याकडं १० जुलैले सकाळी सव्वासातले बसला होता धक्का, हिंगोलीकडचा, ४.५ चा. टिनं वाजले, भांडे पडले. मी गवंडीकाम करतो, तवापासून लोक मलेच विचारून रायले का घर टिकन का नाही. उत्तराची वाट पायतो.

---

गोंडवाना_खडक | रात्री ११:०५

मी नागपूरला भूशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता फील्डवर असते. मुळापासून लिहिते, थोडं लांबेल.

आधी ऊर्जा येते कुठून ते. भारताचं भूपट्ट, म्हणजे देश ज्यावर बसलाय तो कवचाचा अख्खा तुकडा, वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगानं ईशान्येकडे सरकतंय आणि हिमालयाखाली अडतंय. तो दाब नुसता हिमालयात राहत नाही, अख्ख्या द्वीपकल्पात पसरतो. खडक कठीण दिसतो, पण किलोमीटरच्या मापात पाहिलं तर तो दाबाखाली किंचित वाकतो आणि दाब सुटला की मूळ आकारात यायला बघतो. हजारो वर्षं हा ताण साठत जातो. जुना तडा, म्हणजे भ्रंश, जिथे असेल तिथे दोन्ही बाजू घर्षणानं एकमेकींना धरून असतात. ज्या क्षणी ताण त्या घर्षणाला भारी पडतो, त्या क्षणी दोन्ही बाजू झटक्यात सरकतात. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर रीड नावाच्या शास्त्रज्ञानं भ्रंशाच्या दोन्ही बाजूंची मोजमापं तपासून हे मांडलं.

म्हणजे भूकंपाची ऊर्जा भूकंपाच्या वेळी तयार होत नाही. ती आधीपासून खडकात साठलेली असते.

आता गेली कुठं? तिचे तीन वाटे होतात. एक वाटा खडक फोडण्यात, चुरा करण्यात जातो. भ्रंशाच्या फटीत पीठ झालेला खडक सापडतो तो याचाच. दुसरा वाटा दोन्ही बाजू एकमेकींवर घासल्यानं उष्णतेत जातो. तिसरा लहरींच्या रूपानं चहूकडे निघतो. आपल्याला जाणवतो तो हा तिसराच, आणि तो सहसा लहान असतो. सगळ्यांत मोठा वाटा उष्णतेचा. साठलेल्या ऊर्जेतली बहुतेक तिथल्या तिथे, खोल जमिनीत, खडक तापवण्यात संपते.

हे नुसतं गणित नाही. जपानमध्ये २०११ चा ९.० चा भूकंप झाल्यावर शास्त्रज्ञांनी जवळपास सात किलोमीटर खोल समुद्राच्या तळाशी भोक पाडलं, सरकलेल्या भ्रंशापर्यंत पोचले आणि तिथे तापमापक ठेवले. भूकंपाला दीड वर्ष उलटून गेल्यावरही तिथला खडक आजूबाजूपेक्षा ०.३१ अंशानं गरम होता. आकडा लहान वाटेल. पण दीड वर्ष निवत आलेल्या खडकात उरलेली ती ऊब आहे. त्यावरून उलट हिशेब करून घर्षण किती होतं ते काढलं गेलं.

आणि जपानला जायची तरी काय गरज? आपल्या सातपुड्यात, गाविलगड-तान भ्रंशपट्ट्यात, काचेसारख्या काळ्या बारीक शिरा सापडल्या आहेत. फार जुन्या काळी भ्रंश सरकताना खडक घर्षणानं अक्षरशः वितळला, फटींत शिरला आणि गोठला. अशी शीर मी पहिल्यांदा हातात धरली तेव्हा बराच वेळ ती खाली ठेवाविशी वाटली नाही. त्या मुलीला सांगा, तिच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच डोंगरात दगड होऊन बसलंय.

---

सालबर्डी_वाट | ७ डिसेंबर, सकाळी ७:३१

ताई, मग आमच्या मोर्शीकडचे सालबर्डीचे गरम पाण्याचे झरे, किंवा पैनगंगेकाठचं उनकेश्वर, हे त्याच उष्णतेनं तापतात का? आमच्याकडे जुनी माणसं तसं सांगतात.

---

गोंडवाना_खडक | सकाळी ८:१०

नाही. भूकंपाची उष्णता भ्रंशाच्या अगदी पातळ थरात असते आणि काही वर्षांत आजूबाजूच्या खडकात मुरून जाते. झरा शेकडो वर्षं गरम ठेवायला ती पुरणार नाही. पावसाचं पाणी फटींतून खूप खोल उतरतं, खाली पृथ्वी मुळातच गरम आहे, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या फटीनं वर येतं. तुमच्या जुन्या माणसांचं एवढं मात्र बरोबर की झरा आणि भूकंप दोघांनाही वाट त्याच जुन्या भ्रंशांची लागते. म्हणून ते पुष्कळदा एकाच पट्ट्यात दिसतात.

---

चांदा_जुना | सकाळी १०:२२

मी वीजनिर्मितीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. ताईंनी वाटे सांगितले, मी तिसऱ्या वाट्याचा, म्हणजे फक्त लहरींतल्या ऊर्जेचा हिशेब मांडतो.

रिश्टरचा एक अंक वाढला की लहरींची उंची १० पट होते, पण ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोन अंक वाढले की १००० पट. सूत्र सगळीकडे छापलेलं आहे, मी त्यावरून ज्यूल (ऊर्जेचं माप) काढले आणि आपल्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राशी ताडून पाहिले. त्याची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट. सगळे संच पूर्ण भारानं चालले असं धरलं आहे.

जुलैचा हिंगोलीचा ४.५: केंद्राची साधारण २ मिनिटांची वीज.
परवाचा मुलुगूचा ५.३: साधारण अर्ध्या तासाची.
१९९३ चा किल्लारीचा ६.२: साधारण १२ तासांची.
२००१ चा भूजचा ७.७: जवळपास ३ महिन्यांची.

मुलुगूचे ज्यूल सुमारे ५६ वर ११ शून्यं, म्हणजे १५ लाख युनिटच्या वर. ज्यांना पडताळायचं त्यांनी करून पाहावं. मास्तर, आठवी-नववीच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर जमेल.

किल्लारीच्या ओळीवर माझी नजर पुन्हा पुन्हा जाते. १२ तासांची वीज. एका वीज केंद्राला एक दिवससुद्धा लागत नाही एवढी ऊर्जा, आणि सुमारे १० हजार माणसं गेली. म्हणजे नुसत्या ऊर्जेच्या आकड्यानं काही कळत नाही. ती किती वेळात सुटली, किती जवळ सुटली आणि कशावर आदळली, हे पाहावं लागतं. केंद्राला जे काम करायला १२ तास लागतात ते तिथे काही सेकंदांत झालं.

---

वाशीम_माळ | सकाळी ११:५०

किल्लारीचं नाव निघालं म्हणून लिहितो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. गणपती विसर्जनाची रात्र, माणसं दमून झोपलेली. आमच्याकडे वाशीमला खाटा हलल्या. नंतर मदतीला गेलेल्या पोरांमध्ये मी होतो.

तिथली घरं कशी होती ते सांगतो, कारण पश्चिम विदर्भात आजही तशी घरं आहेत. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, पण ती खरी दोन भिंतींची. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडगोट्यांची भर आणि चिखल. वर लाकडावर मातीचं जाड धाबं, दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती. ऊन लागत नाही, घर गार राहतं, म्हणून बापजाद्यांनी तसं बांधलं. त्यात त्यांचा काही दोष नाही, त्या भागात असा भूकंप कुणाच्या ऐकिवात नव्हता. सरकारी नकाशातही तो भाग तेव्हा सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

धक्क्यानं भिंतीचा बाहेरचा थर बाहेर पडला, आतला आत पडला आणि वरची सगळी माती माणसांच्या अंगावर आली. दगडाखालून काढलेली पुष्कळ माणसं मार लागून नाही, श्वास कोंडून गेलेली होती. लाकडी खांबांवर आढं असलेली काही घरं मात्र भिंती पडूनही उभी होती. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

---

गोंडवाना_खडक | दुपारी १:१५

काका, तुम्ही लिहिलंत हे फार महत्त्वाचं आहे. त्या नकाशाचं पुढे असं झालं की किल्लारीचा भाग पट्टा १ मध्ये होता, तो पट्टाच २००२ च्या नकाशातून काढून टाकला. त्या नकाशात विदर्भ बहुतांशी पट्टा २ मध्ये आला. सगळ्यांत कमी धोका याचा अर्थ धोका नाही असा घ्यायचा नसतो.

आता मास्तरांचा दुसरा प्रश्न, बारक्या धक्क्यांनी मोठा टळतो का. चांदाच्या काकांचेच आकडे घ्या. ४.५ चा एक म्हणजे २ मिनिटं, ६.२ चा एक म्हणजे १२ तास. ६.२ एवढी ऊर्जा ४.५ च्या धक्क्यांनी बाहेर काढायची तर तसे साडेतीनशे धक्के बसायला हवेत. निसर्गात एक अंक खाली उतरलं की भूकंपांची संख्या साधारण १० पट वाढते, पण प्रत्येकाची ऊर्जा ३२ पट घटते. म्हणून लहान भूकंप कितीही झाले तरी ऊर्जेचा मोठा हिस्सा थोड्या मोठ्या भूकंपांतच जातो. तेव्हा "जोर निघून गेला" म्हणून निर्धास्त होऊ नये. आणि बारका धक्का आला म्हणजे पुढे मोठा येणारच, असंही नाही. बहुतेक वेळा काहीच येत नाही. पुढचा कधी, हे सांगणारी पद्धत जगात कुणाकडे नाही. व्हॉट्सॲपवर तारीख-वेळ टाकून जे फिरतं ते पुढे ढकलू नका, ही विनंती.

---

भंडारा_धान | दुपारी २:०२

गोसीखुर्दचं एवढं पाणी साठलंय, त्याच्या वजनानं भूकंप होईल का? कोयनेला तसंच झालं ना?

---

गोंडवाना_खडक | दुपारी २:३०

थोडक्यात सांगते. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ चा भूकंप जलाशयाशी जोडला जातो हे खरं. पण तिथेही ऊर्जा पाण्याची नव्हती, खडकात साठलेली होती. फटींत शिरलेल्या पाण्याच्या दाबानं भ्रंशाच्या बाजूंची पकड कमी होते आणि आधीच टोकाला आलेला भ्रंश लवकर सरकतो. तसा भ्रंश जवळ नसेल तर नुसत्या पाण्यानं काही होत नाही. देशात हजारो मोठी धरणं आहेत, कोयनेसारखं फार थोड्या ठिकाणी घडलं. म्हणून तर तिथे ३ किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चालला आहे.

---

प्राणहिता_काठ | सायंकाळी ६:४५

केवढं मिळालं एका दिवसात! आज वर्गात घर्षणाचा भाग सांगितला. त्या मुलीनं लगेच पुढचा प्रश्न टाकला. लहरी निघाल्या त्या आल्लापल्लीला आल्या, गडचिरोलीला आल्या, नागपूरला आल्या, मग पुढं का नाही गेल्या? त्या कुठं संपल्या?

शिवाय माझी एक शंका. नागपुरातले नातेवाईक सातव्या मजल्यावर राहतात, त्यांना पंखे झुलताना दिसले. खाली वॉचमनला काहीच कळलं नाही. असं काहून?

---

गोंडवाना_खडक | रात्री १०:२०

या मुलीला माझा नमस्कार सांगा.

लहरी पुढे गेल्या, संवेदनशील यंत्रांना त्या हजारो किलोमीटरवरही कळतात. पण वाटेत त्या दोन तऱ्हांनी क्षीण होतात. एक तर पसरण्यानं. ऊर्जा तेवढीच, पण गोल वाढत जातो. अंतर दुप्पट झालं की दर चौरस मीटरला येणारी ऊर्जा चौथाई होते. जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या लहरी मात्र खाली पसरत नाहीत, म्हणून त्या सावकाश क्षीण होतात आणि दूरवर त्यांचाच हात चालतो.

दुसरं, खडक त्यांना खातो. लहर जाताना खडकाचे कण हलतात, बारीक फटींच्या बाजू घासतात, छिद्रांतलं पाणी मागेपुढे होतं, आणि प्रत्येक हेलकाव्याला थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. जलद थरथरणारी लहर तेवढ्याच अंतरात जास्त हेलकावे घेते, म्हणून ती आधी संपते. संथ झुलणारी लांब जाते. सातव्या मजल्याचं उत्तर यातच आहे. सव्वातीनशे किलोमीटरवरच्या नागपूरला पोचेपर्यंत जलद थरथर बरीचशी विरली, संथ झोके उरले. उंच इमारतीचा स्वतःचा झोका संथच असतो, दोन्हींचा ताल जुळला की वरचे मजले जमिनीपेक्षा कितीतरी जास्त हलतात. भूजच्या वेळी दोनशे किलोमीटरच्या पलीकडे अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्यामागे हे एक कारण होतं. जवळच्या भूकंपात उलट होतं. जलद थरथर पूर्ण जोमानं येते आणि एकमजली बसक्या, जड भिंतींच्या घरांना झोडपते. किल्लारीत ते झालं.

आपल्या द्वीपकल्पाचा खडक जुना, थंड आणि कमी भंगलेला आहे. तो लहरी कमी खातो. म्हणून इकडचा ५.३ चा भूकंप एवढ्या लांबवर जाणवतो. जबलपूरचा २२ मे १९९७ चा ५.८ चाही नागपूरकरांना आठवत असेल, तोही असाच ३५ किलोमीटरपेक्षा खोल होता.

खोलीचा हिशेबही करा. मुलुगूचा भूकंप ४० किलोमीटर खाली झाला, म्हणजे अगदी डोक्यावरच्या गावालाही तो ४० किलोमीटर लांबच होता. किल्लारीची खोली सुमारे १० किलोमीटर धरली तर नुसत्या अंतरानं १६ पट फरक पडला. मूळ ऊर्जा २२ पट जास्त. गुणाकार साडेतीनशेच्या घरात जातो. भ्रंश म्हणजे एक ठिपका नसतो, त्यामुळे हे ढोबळ आहे, पण मुलुगूत मोठी हानी का झाली नाही ते यातून दिसतं.

एक गोष्ट अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या मंडळींसाठी. पूर्णेच्या खोऱ्यात, आपल्या खारपाणपट्ट्यात, खडकावर गाळाचा जाड थर आहे, काही ठिकाणी शेकडो मीटरचा. लहर कठीण खडकातून मऊ गाळात शिरली की तिचा वेग घटतो. मागून ऊर्जा येतच असते, म्हणून वेग घटला की झोका मोठा होतो. त्यामुळे एकाच भूकंपात खडकावरचं गाव आणि गाळावरचं गाव सारखं हलत नाही.

---

चांदा_जुना | रात्री १०:५८

आणखी एक सांगावंसं वाटतं. मुलुगूचा भाग, सिरोंचा, बल्लारपूर, वणी हे सगळं एकाच जुन्या खचलेल्या खोऱ्यात येतं, प्राणहिता-गोदावरीच्या. जमीन खचली म्हणून तिथे गाळ आणि झाडोरा साठला, त्याचा कोळसा झाला. त्याच खचण्याचे भ्रंश अजून खाली आहेत. १९६९ साली भद्राचलमला ५.७ चा भूकंप झाला तो याच पट्ट्यात. ज्या कोळशावर आमचं वीज केंद्र चालतं तो आणि परवाचा धक्का, दोन्हींचं मूळ एकाच खोऱ्यात आहे.

---

वणी_काळं | ८ डिसेंबर, सकाळी ८:४४

आमच्या गावाला रोजच भूकंप. खाणीत ब्लास्टिंग झालं की भांडी वाजतात, भिंतीला केसासारख्या चिरा गेल्यात. तक्रार केली तर "मर्यादेतच आहे" एवढंच उत्तर मिळतं. भूकंपाच्या ऊर्जेपुढं हे किती?

---

गोंडवाना_खडक | सकाळी ९:३०

ऊर्जेत खूपच कमी. सुरुंगाची बरीच ऊर्जा दगड फोडण्यात, उडवण्यात आणि हवेच्या दाबात जाते, जमिनीतून लहरी होऊन जाते ती थोडीच. पण तुमचं घर काही शे मीटरवर आहे, त्यामुळे ती थोडी ऊर्जाही पसरायच्या आत तुमच्या भिंतीत येते, आणि रोज येते. तुम्ही म्हणता तो त्रास खरा आहे.

मर्यादेबद्दल नुसतं "आहे" ऐकून घेऊ नका, आकडा मागा. खाणसुरक्षा महासंचालनालयाचे निकष आहेत. गावातल्या साध्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाच्या वेगाची मर्यादा अशी: सेकंदाला ८ पेक्षा कमी कंप असतील तर ५ मिलिमीटर प्रतिसेकंद, ८ ते २५ असतील तर १०, त्यावर १५. तुमच्या घराजवळ यंत्र लावून कोणत्या दिवशी किती आलं त्याची नोंद लेखी मागा, ग्रामसभेचा ठराव करून मागितली तर जास्त बरं. एका स्फोटात सगळे सुरुंग एकदम न उडवता मिलिसेकंदांच्या अंतरानं उडवले की ऊर्जा वाटून निघते आणि धक्का कमी होतो. तसं करतात का, तेही विचारा.

---

मेळघाट_रान | सकाळी १०:१५

धारणी तालुक्यातून. २०१८ च्या पावसाळ्यात आमच्याकडं साद्राबाडीला जमिनीतून आवाज यायचे, धक्के बसायचे. लोक रात्री बाहेर झोपायचे. यंत्रावर आकडा बारका यायचा, पण आवाज मात्र तोफेसारखा. एवढ्या बारक्याला एवढा आवाज कसा?

---

गोंडवाना_खडक | सकाळी ११:०२

जवळ आणि उथळ म्हणून. मोठ्या लांबच्या भूकंपाची जलद थरथर वाटेत विरते, ते वर लिहिलं आहे. पायाखाली एक-दोन किलोमीटरवर बारका धक्का बसला तर ती विरायला वाटच नसते. सेकंदाला वीसच्या वर कंप असलेली लहर जमिनीतून हवेत शिरली की कानाला ऐकू येते. म्हणून नुसता गडगडाट ऐकू येतो आणि जमीन फारशी हलत नाही. पालघर-डहाणूकडे नोव्हेंबर २०१८ पासून अशी धक्क्यांची मालिका सुरू झाली, तिथेही लोक आवाजाचं सांगत. आवाजानं घर पडत नाही. पण त्या दिवसांत मातीच्या भिंतीला चिरा पडल्या असतील तर त्या घरात लहान मुलं झोपवू नका.

---

मिस्त्री_पुसद | दुपारी १२:४०

ताई, सगळं वाचलं, पोराकडून दोनदा वाचून घेतलं. आता माह्या कामाचं सांगा. खडकात ऊर्जा घासून संपते, वाटेत संपते, आन् उरली ते माह्या भिंतीत येते. भिंतीत येऊन ते कशी संपते? मले तेवढं समजलं का मी बांधतानी ध्यान देईन.

---

गोंडवाना_खडक | दुपारी २:२०

दादा, या धाग्यावरचा सगळ्यांत मोलाचा प्रश्न तुमचा. खडकावर आपला हात चालत नाही, अंतरावर नाही. भिंतीवर चालतो.

घर हललं की त्यात ऊर्जा शिरते. ती परत जमिनीत थोडी जाते, बाकीची घरातच संपावी लागते, आणि तिथेही दोनच वाटा: घासणं आणि फुटणं. लाकडी घराचे सांधे कुरकुरतात, कुडाची भिंत लवते, त्यात ऊर्जा थोडी थोडी संपते आणि घर उभं राहतं. वाशीमच्या काकांनी पाहिलेली खांबांची घरं म्हणून राहिली. लोखंडी सळई वाकते, पुन्हा उलटी वाकते, दर वेळी ऊर्जा खाते, पण तुटत नाही. चिखलातल्या दगडाला हे जमत नाही. त्याच्याकडे ऊर्जा संपवायचा एकच मार्ग, सुटून पडणं. मग भिंतीची ऊर्जा माणसांवर संपते.

तेव्हा भिंत सुटू द्यायची नाही, एवढं पाहायचं. दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. दर दोन फूट उंचीला, चार चार फुटांवर, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बसवायचा, म्हणजे दोन थर वेगळे होत नाहीत. दार-खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब. जोत्यावर आणि लिंटलला, म्हणजे दारा-खिडकीच्या वरच्या पातळीला, घराभोवती सळई घातलेली काँक्रीटची अखंड पट्टी. लिंटल फक्त दारा-खिडकीवर टाकून थांबतात, तिथेच घात होतो. ती चारही भिंतींवरून सलग फिरली पाहिजे, कोपऱ्यात सळई वळवून पुढच्या भिंतीत गेली पाहिजे. कॉलम असेल तर त्याच्या सळयांना बांधणाऱ्या रिंगचं टोक नुसतं काटकोनात नको, आत काँक्रीटमध्ये वळवा.

---

मिस्त्री_पुसद | दुपारी ३:०५

लिंटल सलग फिरवा म्हटलं का घरमालक म्हणते खर्च काहून वाढवतं. घरकुलाच्या पैशात तं जमतच नाही म्हणते. पट्टी किती जाड, सळई किती, ते सांगा. मी त्याले हिशेब करून दाखवतो.

---

वाशीम_माळ | दुपारी ३:३०

आणि जुन्या दगडी घरांचं काय करायचं तेही लिहा ताई. सगळ्यांनाच पाडून बांधणं परवडत नाही.

---

गोंडवाना_खडक | दुपारी ४:४८

दादा, पाच मीटरपर्यंतच्या भिंतीला ३ इंच जाडीची पट्टी पुरते, रुंदी भिंतीएवढी. लांबीला ८ मिलिमीटरच्या दोन सळया, त्यांना ६ मिलिमीटरचे आडवे तुकडे दर ६ इंचांवर. लिंटल तुम्ही नाही तरी टाकताच, वाढीव खर्च मधल्या अंतराचा. हिशेब काढाल तेव्हा इथे टाका, सगळ्यांना उपयोगी पडेल.

काका, जुन्या घरात पहिलं काम म्हणजे धाब्यावरची जादा माती उतरवणं. त्याला पैसे लागत नाहीत, नुसती मेहनत. वजन कमी झालं की घराला बसणारा ओढाही तेवढाच कमी होतो. मग भिंतीत सावकाश, ठोके न देता, थोडे दगड काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिलिमीटरची सळई घालून काँक्रीट भरायचं. तोच नवा आरपार दगड. दोन फूट उंची, चार फूट अंतर, वर लिहिलं तेच माप. लिंटलच्या पातळीला आतून-बाहेरून वेल्डेड जाळी खिळ्यांनी ठोकून सिमेंटचा पट्टा. किल्लारीनंतर त्या भागात उभ्या राहिलेल्या घरांना याच पद्धतीनं बळकटी दिली गेली. भोक करताना भिंतीला टेकू द्या आणि एका दिवशी एकाच भिंतीला हात लावा.

---

मिस्त्री_पुसद | सायंकाळी ७:१०

लिहून घेतलं. एका घरकुलाचं जोतं झालं आहे, लिंटल पंधरवड्यात येईन. त्याचाच हिशेब करतो, सळईचा भाव इथल्या दुकानातून घेऊन.

---

प्राणहिता_काठ | रात्री ८:२५

दादा, हिशेब टाकाल तेव्हा पट्टीचा फोटोही टाका, कोपऱ्यात सळई कशी वळवली तो जवळून. आमच्याकडे बरीच घरं कवेलूची आणि कुडाची आहेत, पण नवीन सगळी विटांची होताहेत. आमच्या गावातले गवंडी फोटो पाहून काम समजून घेतात.